कात्री, कृत्रिम माशी बांधण्याची

कात्री, कृत्रिम माशी बांधण्याची : गळावर पिसे, केस, लोकर, रेशमी दोरा, जर इ. पदार्थ बांधून कीटकाचा किंवा लहान माशाचा आभास निर्माण करणाऱ्या आमिषास कृत्रिम माशी म्हणतात. ट्राउट, सॅमन, ग्रेलिंग यांसारखे मासे गळाने पकडण्यासाठी यूरोप, उत्तर अमेरिका, न्यूझीलंड इ. प्रदेशांत तिचा उपयोग करतात. माशी बांधताना पिसाचे तंतू, केसांचे झुबके व दोरा कापण्यासाठी लहान, अणकुचीदार टोकांची कात्री लागते. या कलेच्या हत्यारांत कात्रीचे स्थान सर्वांत जुने होय. गळ घट्ट धरून ठेवणारा लहान व्हाइस, पीस पकडणारा चिमटा, दोऱ्याचे रीळ धरणारी नळी ही साधने तिच्यानंतर आली. त्यांपैकी बहुतेकांचे काम बोटांनी करता येते आणि अनेक नामांकित कारागिरांनी ते तसे केलेही आहे. परंतु गळाच्या दांडीलगत एकच तंतू अचूक कापण्याचे काम कात्रीवाचून होत नाही. त्यामुळे बांधावयाचे पदार्थ जसजसे बदलले, तसतशी चांगल्या कात्रीची कल्पनाही बदलत गेली. तिच्या निवडीमागे पोलादाची निर्मिती, जुळणीचे हस्तकौशल्य, पिसांचा व्यापार आणि पक्षिसंरक्षणाचे कायदे यांचा सु. साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : मराठीतील कात्री व कातर हे शब्द संस्कृत ‘कर्तरी’ या शब्दावरून आले असून त्याच्या मुळाशी ‘कृत्’ म्हणजे कापणे हा धातू आहे. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या वीस शस्त्रांपैकी शरारिमुख हे कात्रीच्या धर्तीचे शस्त्र मानले जाते. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या ग्रंथात कर्तरीचा नावानिशी उल्लेख असून स्नायू, सूत्र व केस कापण्यासाठी ती सांगितली आहे. बारीक तंतू कापणे हे कात्रीचे काम शस्त्रवैद्यांच्या दृष्टीनेही किती महत्त्वाचे होते, हे यावरून दिसते.

यूरोपात लोहयुगापासून जी कातर वापरात होती, तिची दोन पाती एका लवचीक कमानीने मागच्या बाजूस जोडलेली असत. मेंढ्यांची लोकर कातरण्यास व कापड कापण्यास ती सोयीची होती. पण तिच्या पात्यांचा मार्ग केवळ कमानीच्या लवचीकपणावर अवलंबून असल्याने टोके दर वेळी एकाच जागी मिळतील, याची शाश्वती नसे. दोन पाती मध्यभागी खिळ्याने जोडलेली कात्री रोमन लोकांना माहीत होती. तथापि घरोघरी तिचा प्रसार यूरोपात सोळाव्या शतकापासून झाला. खिळ्यामुळे पात्यांचा मार्ग निश्चित झाला आणि टोकांनी अचूक कापणे शक्य झाले. माशी बांधण्याच्या दृष्टीने हा बदल मूलगामी ठरला.

आरंभीचे उल्लेख : कृत्रिम माशीचे सर्वांत जुने निःसंदिग्ध वर्णन ईलिअन या रोमन लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास लिहिलेल्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात आढळते. मॅसिडोनियातील लोक गळावर किरमिजी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याच्या गळ्याखालील दोन मेणरंगी पिसे जोडतात व त्याने अस्ट्रीअस नदीतील ठिपकेदार मासे पकडतात, असे त्याने लिहिले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेल्या बुक ऑफ सेंट ऑल्बन्सच्या आवृत्तीत गळाने मासे धरण्यावरील एक निबंध समाविष्ट असून त्यात बारा माश्यांची माहिती दिलेली आहे. त्या काळी मासे धरणारा स्वतःच सुई तापवून व वाकवून गळ तयार करी. स्पेनमधील लेऑन प्रांतातील १६२४ सालच्या अस्तोर्गा हस्तलिखितात तेथील कोंबड्यांच्या चमकदार पिसांपासून बांधावयाच्या माश्यांचे तपशील आहेत.

कात्रीचा स्पष्ट उल्लेख आयझाक वॉल्टन (१५९३–१६८३) याच्या द कंप्लीट अँग्लर (१६५३) या प्रसिद्ध ग्रंथात येतो. माशी बांधण्याची कृती सांगताना पंखांसाठी रानबदकाच्या तपकिरी पिसाचा हवा तेवढा भाग कात्रीने कापून घेण्याची सूचना तेथे आहे. किती कापावयाचे, हे ठरविणे बांधणाऱ्याच्या विवेकावर सोपविलेले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. याच ग्रंथाच्या १६७६ च्या आवृत्तीस चार्ल्स कॉटन (१६३०–८७) याने स्वतंत्र भाग जोडला व त्यात माश्यांची महिनावार यादी दिली. गळ डाव्या हाताच्या अंगठ्यात व तर्जनीत धरून माशी बांधावी, असे त्याचे सांगणे आहे. व्हाइसचा त्यात मागमूस नाही. माशीसाठी वेगळी कात्री तोपर्यंत तयार होत नसे. शिवणकामाची किंवा भरतकामाची घरातील कात्रीच या कामी येई व तिच्या टोकांच्या जाडीनुसार माशीची सफाई ठरे.

शेफील्डचे पोलाद आणि जुळारी : बारीक टोकाची कात्री टिकाऊ होण्यासाठी एकसारख्या प्रतीचे पोलाद हवे. जुन्या पद्धतीच्या पोलादात कार्बनाचे प्रमाण जागोजागी कमीजास्त असे. त्यामुळे पात्याचा एक भाग कठीण, तर दुसरा मऊ राही. इंग्लंडमधील शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन (१७०४–७६) याने १७४० च्या सुमारास मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार करण्याची पद्धत शोधली [⟶ पोलाद]. अशा ओतीव पोलादाची कात्री प्रथम शेफील्डच्या रॉबर्ट हिंचलिफ याने १७६१ मध्ये तयार केली, असे मानले जाते. चाकू-कात्र्यांचा धंदा शेफील्डमध्ये त्यापूर्वीच संघटित झाला होता; तेथील कारागिरांच्या संघास १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली होती. पुढील दीड शतकात बारीक भरतकामाच्या, नखे कापण्याच्या व शस्त्रक्रियेच्या कात्र्या तेथून जगभर जाऊ लागल्या.

कात्री तयार करण्याच्या कामात घडाई, कठिणीकरण, पाणी देणे, घासाई व जिल्हई असे टप्पे असतात; परंतु तिचा कस ठरतो तो शेवटच्या, म्हणजे जुळणीच्या टप्प्यात. कात्रीची दोन पाती एकमेकांस सर्व लांबीभर चिकटलेली नसतात. प्रत्येक पात्यास लांबीच्या दिशेने किंचित बाक दिलेला असतो आणि त्याची आतील बाजू अंतर्वक्र घासलेली असते. कात्री मिटवू लागताच पाती एका वेळी एकाच बिंदूपाशी एकमेकांना भिडतात व हा बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. कापण्याची क्रिया या फिरत्या बिंदूपाशी घडते. बाक कमी पडल्यास तंतू न कापला जाता पात्यांच्या फटीत दुमडतो. जास्त झाल्यास पाती एकमेकांची धार खातात. किती बाक हवा, हे प्रत्येक जोडीपुरते वेगळे असते. जुळारी पात्यावर हलके हातोडे मारून, कात्री उघडून-मिटवून व तिचा आवाज आणि हाताला लागणारी ओढ अजमावून तो साधतो. एका जोडीचे पाते दुसऱ्या जोडीस चालत नाही. हे कौशल्य पूर्णपणे आत्मसात होण्यास सु. पाच वर्षे लागतात, असे या व्यवसायात समजतात.

या कौशल्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चाकू-कात्र्या कोरड्या दगडावर घासताना उडणाऱ्या दगडाच्या व पोलादाच्या धुळीमुळे शेफील्डच्या घासाई-कामगारांना फुप्फुसाचा असाध्य विकार जडत असे व त्यांपैकी अनेकांना अकाली मृत्यू येई. एकोणिसाव्या शतकातील वैद्यांनी या विकाराचे वर्णन केले आहे. भरतकामाच्या टेबलावरील नाजूक कात्रीची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच कोणीतरी मोजलेली असे.

जर्मनीतील झोलिंगेन हे या धंद्याचे दुसरे मोठे केंद्र होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे यंत्राच्या घणाखाली साच्यात पाती घडविण्याची पद्धत रुळली. त्यामुळे एकसारख्या आकाराची पाती मोठ्या संख्येने व कमी खर्चात मिळू लागली. तरीही त्यांची अखेरची जुळणी हातानेच होत राहिली. झोलिंगेन हे नाव केवळ तेथे तयार झालेल्या मालावरच घालता यावे, यासाठी १९३८ मध्ये जर्मनीत स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे हॅरी ब्रिअर्ली (१८७१–१९४८) याने १९१३ मध्ये शेफील्ड येथे निष्कलंक (स्टेनलेस) पोलाद तयार केले. त्यामुळे ओलसर हवेत गंजणाऱ्या कात्रीचा प्रश्न सुटला. मात्र जुन्या कार्बनी पोलादाची तीक्ष्ण धार या पोलादाला प्रारंभी येत नसे.

रंगीत पिसांचा काळ : एकोणिसाव्या शतकात माशी बांधणे हा स्वतंत्र व्यवसाय बनला. ॲल्फ्रेड रॉनल्ड्स (१८०२–६०) याने द फ्लाय-फिशर्स एंटॉमॉलॉजी (१८३६) या ग्रंथात नदीवरील खरे कीटक व त्यांच्या कृत्रिम प्रतिकृती यांची सांगड घातली. फ्रेडरिक हॅलफर्ड याच्या १८८६ मधील ग्रंथाने पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या माश्यांची पद्धत प्रतिष्ठित केली. या माश्यांचे गळ पुष्कळदा एक सेंमी.हूनही आखूड असत. गळाच्या डोळ्यालगत उरलेले दोऱ्याचे टोक अथवा पिसाचा चुकार तंतू कापताना शेजारचा तंतू दुखावला, तर माशी पाण्यावर कलंडे. त्यामुळे सुईसारख्या निमुळत्या टोकांच्या कात्रीची गरज निर्माण झाली. याच काळात माशी बांधण्याच्या लहान व्हाइसचाही प्रसार झाला.

याच्या नेमकी उलट दिशा सॅमन माशाच्या माश्यांनी घेतली. त्या कोणत्याही कीटकासारख्या दिसत नाहीत. साम्राज्याच्या व्यापारातून लंडनच्या बाजारात येणाऱ्या उष्ण प्रदेशांतील पक्ष्यांची पिसे एकावर एक रचून त्या तयार होत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेल्या ‘जॉक स्कॉट’ या माशीत टूकान, सोनेरी फेझंट आणि भारतातील राखी रानकोंबडा अशा अनेक पक्ष्यांची पिसे लागत. जॉर्ज केल्सन याच्या द सॅमन फ्लाय (१८९५) या ग्रंथाने या प्रकारास शास्त्राचे रूप देण्याचा प्रयत्न केला, तर टी. ई. प्राइस-टॅनट याच्या १९१४ मधील ग्रंथाने त्याची कृती सोपी करून सांगितली. अशा माशीच्या पंखात निरनिराळ्या पिसांच्या अरुंद पट्ट्या कापून त्यांचे तंतू एकमेकांत गुंतवितात. पट्टी कापताना कात्री जराही घसरली, तर महागडे पीस वाया जाई. म्हणून या कारागिरांनी लांब पात्यांपेक्षा आखूड, सरळ व साध्या धारेच्या पात्यांना पसंती दिली.

या माश्यांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फारसा परिचित नाही. राखी रानकोंबडा (गॅलस सोनेराटाय) हा पश्चिम व दक्षिण भारताच्या डोंगराळ जंगलांत, विशेषतः सह्याद्रीत आढळणारा पक्षी आहे. त्याच्या नराच्या मानेवरील पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत पिवळसर-पांढरे ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे पिसाच्या दांड्याचाच सपाट झालेला भाग होय. माशीच्या दोन्ही बाजूंस असे एकेक पीस बांधले असता त्याचा डोळ्यासारखा भास होतो. इंग्लंड-स्कॉटलंडमधील शेकडो प्रकारच्या माश्यांत या पिसाचा समावेश झाला व त्यासाठी या पक्ष्याच्या मानेच्या कातड्यांचा व्यापार सुरू झाला. एका कातड्यावरील उत्तम पिसे मोजकीच असल्याने मागणी वाढली, की शिकारही त्याच प्रमाणात वाढे.

स्त्रियांच्या टोप्यांसाठी होणाऱ्या पिसांच्या प्रचंड व्यापाराविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकमत तयार होऊ लागले. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. अमेरिकेने १९१३ मध्ये व ब्रिटनने १९२१ मध्ये कायदा करून रानपक्ष्यांच्या पिसांची आयात रोखली. तरीही मासेमारीच्या नावाखाली काही वाटा मोकळ्या राहिल्या. उदा., माश्या तयार करण्यासाठी राखी रानकोंबड्याची कातडी वर्षाला ५,००० च्या मर्यादेत आणू देण्याची तरतूद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सीमाशुल्क कायद्यात होती. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे अशा शिकारीला कायद्याचा आधार उरला नाही. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार १९७३ मध्ये होऊन १९७५ पासून अंमलात आला. आता पाश्चात्त्य देशांत बंदिस्त पैदाशीतून मिळणारी रानकोंबड्याची पिसे किंवा त्यांच्या रंगविलेल्या प्रतिकृती वापरतात. जुन्या पिसांचा लोभ मात्र पूर्णपणे संपलेला नाही. इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून २००९ मध्ये २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीस गेली. ती सॅमन माश्या बांधणाऱ्या हौशी लोकांत विकण्यासाठी चोरल्याचे पुढे तपासात सिद्ध झाले. त्यांपैकी अनेक कातड्यांवरील स्थळ-काळाच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या असल्याने ती संशोधनास कायमची निरुपयोगी झाली.

केस व कृत्रिम तंतू : दुर्मिळ पिसांना पर्याय म्हणून, तसेच स्वस्त व टिकाऊ म्हणून विसाव्या शतकात प्राण्यांच्या केसांचा वापर वाढला. या बदलात उत्तर अमेरिकेचा वाटा मोठा आहे. तेथील मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स (१८८२–१९७०) या पूर्वी टोप्या शिवण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीने १९२४ पासून लहान माशांसारख्या दिसणाऱ्या लांबट माश्या बांधल्या. त्या व्हाइस न वापरता हातातच बांधीत असत. स्कॉटलंडमधील ब्रोरा येथील मेगन बॉइड (१९१५–२००१) यांनी आयुष्यभर एका लहानशा घरात सॅमन माश्या बांधल्या. त्यांना १९७१ मध्ये ब्रिटिश एंपायर मेडल देण्यात आले. अमेरिकेत व कॅनडात हरणाचे केस वापरण्याची निराळी पद्धत रूढ झाली. हरणाचा केस आतून पोकळ असतो. दोरा आवळताच तो गळाभोवती काटकोनात उभा राहतो. असे अनेक झुबके दाटीने बांधून मग त्यांना कात्रीने गोल वा चपटा आकार देतात. १९३०–४० या दशकात प्रचारात आलेल्या ‘मडलर मिनो’ या माशीचे डोके असेच कातरून घडवितात.

येथे कात्रीचे काम पूर्णतः बदलते. पिसाच्या बाबतीत ती केवळ छाटणीचे साधन असते. केसांच्या बाबतीत ती मूर्तिकाराच्या छिन्नीसारखी आकार देण्याचे साधन होते. केस गुळगुळीत असल्याने साध्या धारेच्या पात्यांवरून ते पुढे निसटतात. म्हणून एका पात्याच्या धारेवर अतिसूक्ष्म दाते पाडलेली कात्री वापरात आली. दाते केसांना जागच्या जागी धरून ठेवतात व दुसरे गुळगुळीत पाते त्यांना कापते. गोल आकार देण्यासाठी वक्र पात्यांची कात्रीही उपयुक्त ठरली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन, पॉलिएस्टर, धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या इ. पदार्थ माशीत आले. १९६५ मध्ये अमेरिकेत शोधलेल्या केव्हलार या अतिशय चिवट तंतूचा दोराही काहींनी वापरण्यास प्रारंभ केला. या पदार्थांनी साध्या पोलादाची धार लवकर बोथट होऊ लागली. त्यावर उपाय सापडला तो शस्त्रक्रियेच्या हत्यारांत.

शस्त्रवैद्यकाची देणगी : डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तयार झालेली, सु. दहा-अकरा सेंमी. लांबीची व निमुळत्या टोकांची कात्री माशी बांधणाऱ्यांनी जशीच्या तशी उचलली. शस्त्रक्रियेच्या काही कात्र्यांत पोलादी पात्याच्या कडेवर टंगस्टन कार्बाइडची पट्टी बसविलेली असते. हे संयुग पोलादापेक्षा कितीतरी कठीण असल्याने धार दीर्घकाळ टिकते. अशी कात्री ओळखता यावी म्हणून तिच्या कड्यांना सोनेरी रंग देण्याचा प्रघात आहे. तथापि कार्बाइड ठिसूळ असते. कात्री फरशीवर पडल्यास टोकाचा कपचा उडतो व त्याला नेहमीच्या दगडावर धार लावता येत नाही, त्यासाठी हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते.

या हत्यारांच्या निर्मितीत भारतीय उपखंडाचा मोठा वाटा आहे. अविभाजित पंजाबमधील (आता पाकिस्तान) सियालकोटच्या लोहारांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील मिशन रुग्णालयाची शस्त्रक्रियेची हत्यारे दुरुस्त करून दिली व पुढे तशी हत्यारे स्वतः घडविण्यास सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात तेथून ब्रिटिश सैन्याला पुरवठा होत असे. आज अमेरिकी व यूरोपीय नावांनी विकल्या जाणाऱ्या माशी बांधण्याच्या कात्र्यांपैकी पुष्कळ कात्र्या सियालकोटमध्येच तयार होतात. भारतात उत्तर प्रदेशातील मीरत हे कात्र्यांचे जुने केंद्र असून मोटारींच्या टाकाऊ पोलादापासून हाताने घडविलेल्या तेथील कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. मीरतची कात्री मुख्यतः शिंप्यांसाठी असली, तरी पाती जुळविण्याचे तिचे तंत्र मूलतः तेच आहे.

चांगल्या कात्रीची लक्षणे : वरील इतिहासातून चांगल्या कात्रीच्या कसोट्या क्रमाने निष्पन्न होतात. पहिली कसोटी टोकांची. कात्री मिटविल्यावर दोन्ही टोके एकाच ठिकाणी, एक दुसऱ्याच्या पुढे न जाता, मिळाली पाहिजेत. ओलसर पातळ कागद किंवा रेशमाचा एकच धागा पात्याच्या शेवटच्या एकदोन मिमी.नी कापून पाहावा. तो ओढला न जाता वा दुमडला न जाता तुटला पाहिजे. पात्याच्या मध्यभागाने कापून केलेली परीक्षा फसवी असते, कारण तेथे निकृष्ट कात्रीही कापते.

दुसरी कसोटी बाकाची. मिटलेली कात्री उजेडासमोर आडवी धरल्यास खिळा व टोक यांच्या दरम्यान पात्यांमध्ये बारीक फट दिसावी. ती मुळीच नसेल, तर पात्यांना बाक दिलेला नाही, असे समजावे. तिसरी कसोटी खिळ्याची. एक कडी हातात धरून दुसरी सोडून दिली असता पाते थोडे मिटून मध्येच थांबले पाहिजे. ते खाडकन मिटल्यास खिळा सैल असतो. जागचे न हलल्यास तो अतिघट्ट असतो. रिवेटऐवजी स्क्रू असल्यास हा ताण पुढे कमीजास्त करता येतो.

चौथी कसोटी हाताची. अनेक कारागीर बांधणी चालू असताना कात्री खाली ठेवीत नाहीत. तिची एक कडी अनामिकेत अडकवून ती तळहातात ठेवतात व लागेल तेव्हा पुढे घेतात. त्यामुळे एकूण लांबी सु. ९ ते ११·५ सेंमी. असणे व कड्या बोटांना ऐसपैस होणे आवश्यक आहे. डावखुऱ्यांच्या बाबतीत आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. उजव्या हाताच्या अंगठ्याचा स्वाभाविक दाब पाती एकमेकांकडे ढकलतो. तीच कात्री डाव्या हातात घेतल्यास हा दाब पाती विलग करतो. केवळ कड्यांचा आकार बदलून हा दोष जात नाही. त्यासाठी पात्यांची मांडणीच आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट असावी लागते.

धातूची निवड कामावर अवलंबून असते. पिसे व रेशमी दोरा यांसाठी साध्या धारेची बारीक पोलादी कात्री, केसांसाठी सूक्ष्म दात्यांची व किंचित भक्कम कात्री आणि चिवट कृत्रिम तंतूंसाठी कार्बाइडची कात्री सोयीची असते. एकच कात्री सर्व कामांना पुरेशी होत नाही. जर, धातूची तार व पिसाचा जाड दांडा बारीक टोकांनी कापू नये. त्यासाठी एखादी जुनी कात्री वेगळी ठेवावी किंवा पात्याचा खिळ्यालगतचा भाग वापरावा. खिळ्याजवळ तेलाचा एखादा थेंब देणे व टोकांना टोपण घालून ठेवणे एवढ्या निगेने चांगली कात्री अनेक वर्षे टिकते.

सद्यःस्थिती : हाताने जुळविलेल्या कात्रीचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त यांत्रिक मालापुढे मागे पडला. शेफील्डमध्ये एकेकाळी शेकड्यांनी असलेल्या कारागिरांपैकी एकविसाव्या शतकात मोजकेच उरले. ब्रिटनमधील धोक्यात आलेल्या पारंपरिक हस्तव्यवसायांची जी यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत कात्री बनविण्याच्या कलेचा समावेश होता. शेफील्डच्या एका वृद्ध जुळाऱ्याचे काम दाखविणारा लघुपट २०१४ मध्ये प्रसारित झाला, तेव्हा जगभरातून इतक्या मागण्या आल्या, की पेढीला त्या पुऱ्या करता येईनात. मागणी उरली नव्हती असे नाही. ती पुरी करू शकणारे शिकलेले हात उरले नव्हते, हे त्यावरून उघड झाले. ती पेढी २०१८ मध्ये अडचणीत येऊन बंद पडली व नंतर नव्या मालकांनी जुन्या कारागिरांना परत बोलावून व नवे शिकाऊ उमेदवार घेऊन ती पुन्हा चालू केली.

कृत्रिम माशीसाठी लागणारी काही पिसे पक्ष्यांच्या रक्षणासाठी सोडून द्यावी लागली आणि त्यांची जागा इतर पदार्थांनी घेतली. त्यामुळे ही कला निकृष्ट झाली नाही. जुळाऱ्याच्या हाताला मात्र असा पर्याय अद्याप सापडलेला नाही. कठीण धातू, यंत्रावर घडविलेली पाती व सोनेरी कड्या यांपैकी कशानेही दोन पात्यांचा मेळ आपोआप बसत नाही. म्हणूनच पोलाद व आकार यांच्या बरोबरीने पाती कोणी व किती काळजीने जुळविली आहेत, यावरच माशी बांधण्याच्या कात्रीची पारख आजही अवलंबून आहे.